शून्यालगतचा पाऊस

उणे दहा अंशांच्या कोरड्या बर्फात दिवसभर चालणं सोपं नसतं, पण त्यात एक सोय असते. बर्फ अंगावर पडतो आणि झटकला की निघून जातो. दोन अंशांचा पाऊस झटकता येत नाही. तो बाहीच्या टोकातून कोपरापर्यंत चढतो, गळ्यापाशी शिरून पाठीवर उतरतो, बुटाच्या काठावरून आत जातो, आणि जोडीला वारा असला तर कपड्यातली प्रत्येक फट हुडकून काढतो. थंडीने माणसं दगावतात ती बर्फात, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे, पण या पावसातही ती दगावतात. स्कॉटलंड, वेल्स, इंग्लंडमधला लेक डिस्ट्रिक्ट, आयर्लंडचा पश्चिम किनारा, नॉर्वेतला बर्गनभोवतीचा मुलूख, अमेरिकेच्या वायव्येकडचे डोंगर, या सगळ्या भागांत समुद्रावरून येणारा हिवाळा खालच्या उतारांवर बहुतेक दिवस पावसाच्याच रूपात उतरतो. हे पुस्तक त्या पावसात चालणाऱ्यांसाठी आहे. त्यातली बहुतेक उदाहरणं स्कॉटलंडच्या हायलँड्समधली आहेत, कारण ते डोंगर माझ्या पायाखालचे आहेत.

पावसाशी मराठी माणसाची ओळख जुनी, आणि नेमकी तीच ओळख तिथे घात करते. जुलै-ऑगस्टात सह्याद्रीत भटकलेल्याला भिजण्याचं भय नसतं. राजमाचीच्या वाटेवर किंवा भीमाशंकरच्या रानात आपण पहिल्या अर्ध्या तासातच नखशिखांत भिजतो आणि दिवसभर तसेच चालतो. सॅकमधला मोबाईल आणि पाकीट कोरडं राहिलं की झालं. त्या पावसात हवा वीस-बावीस अंशांची असते. पाय चालते असले की अंग गरम राहतं, माथ्यावर थांबलं की हुडहुडी भरते, आणि खाली गावात गरम पिठलं-भाकरी पोटात गेली की तीही जाते. आकड्यांत पाहिलं तर महाबळेश्वरला वर्षाकाठी 5,500 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि ब्रिटनमधल्या सर्वांत उंच डोंगराच्या, बेन नेव्हिसच्या माथ्यावर 4,000च्या वर. म्हणजे सह्याद्री काही मागे नाही. फरक तापमानाचा आहे. पुण्या-मुंबईहून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ग्लासगो, एडिनबरा, मँचेस्टरला गेलेली मुलं पहिल्याच हिवाळ्यात डोंगराकडे धावतात, आणि मला त्यांचं फार कौतुक वाटतं. पण त्यांच्या अंगात सुती टी-शर्ट असतो, पायात जीन्स असते आणि मनात सह्याद्रीने दिलेला विश्वास असतो. डिसेंबर ते मार्च या काळात उत्तराखंड-हिमाचलच्या ट्रेकला जाणाऱ्यांनाही हीच अडचण येते. पश्चिमी विक्षोभ आला की पायथ्याच्या गावात पाऊस आणि वर बर्फ पडतो, आणि या दोन्हींच्या मधल्या जंगलात माणूस तळावर पोचण्याआधीच चिंब होतो.

बेन नेव्हिसची उंची 1,345 मीटर. कळसूबाईपेक्षा तो तीनशे मीटरने ठेंगणा आहे. पण त्याच्या पायथ्याचं फोर्ट विल्यम समुद्राच्या काठावर असल्यामुळे ही सगळी उंची माणसाला पायांनीच चढावी लागते. जानेवारीत गावात दिवसा चार-पाच अंश तापमान असतं. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरत जातात, त्यामुळे शून्य अंशाची रेषा डोंगराच्या अंगावरच कुठेतरी पडते. रेषेच्या खाली पाऊस, वर बर्फ, आणि आगेमागे दोन-तीनशे मीटरच्या पट्ट्यात पाण्याने जड झालेला ओला बर्फ, जो कपड्यावर पडताच वितळतो. ही रेषा एका जागी राहत नाही. अटलांटिकवरून उबदार हवेचा पट्टा आला की काही तासांत ती माथ्याच्याही वर सरकते आणि सकाळी घट्ट असलेल्या बर्फावर दुपारी पाऊस कोसळू लागतो. मागून थंड हवा आली की तोच भिजलेला कपडा गोठून ताठ होतो. एका दिवसात चालणाऱ्याला बर्फ, पाऊस आणि गोठण हे तिन्ही भोगावे लागतात.

या डोंगराचं हवामान इतकं नेमकं ठाऊक आहे, त्याला कारण आहे. 1881च्या उन्हाळ्यात क्लेमेंट रॅग या हवामान-अभ्यासकाने रोज पहाटे बेन नेव्हिस चढून माथ्यावरच्या नोंदी घेतल्या. जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्याचा हा क्रम चालू होता. त्यातून पुढे 1883 साली माथ्यावर दगडी वेधशाळा उभी राहिली आणि 1904 पर्यंत तिथे माणसं राहून रात्रंदिवस, तासातासाला नोंदी करत राहिली. दर तासाला कुणीतरी बाहेरच्या धुक्यात आणि वादळात जाऊन उपकरणं वाचत असे. सी. टी. आर. विल्सन हा तरुण 1894च्या सप्टेंबरात तिथे थोडे दिवस कामाला होता. ढगांवर पडणारे प्रकाशाचे खेळ पाहून ते प्रयोगशाळेत उभे करायचे त्याने ठरवलं, त्यातून मेघकक्ष हे उपकरण तयार झालं आणि 1927 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. या पुस्तकापुरता त्या वेधशाळेतला सर्वांत महत्त्वाचा आकडा मात्र साधा आहे. माथ्याचं वर्षभराचं सरासरी तापमान शून्याच्या किंचित खाली भरलं. म्हणजे वर्षाचा मोठा काळ तो माथा पाणी आणि बर्फ यांच्या सीमेवरच उभा असतो.

ओल्या थंडीने माणसाचं काय होतं हे नीट कळलं ते एका दुःखद घटनेतून. 1964च्या मार्चमध्ये इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये फोर इन्स वॉक ही तरुणांची लांब पल्ल्याची चालण्याची स्पर्धा होती. अंतर सत्तर किलोमीटरच्या पुढचं, डोंगर फारसे उंच नाहीत, हवा शून्याच्या वरची, पाऊस आणि जोराचा वारा. 240च्या आसपास तरुण निघाले, पूर्ण करू शकले ते 25हूनही कमी, आणि तीन रोव्हर स्काउट दगावले. अंगाने धडधाकट, चालण्याची सवय असलेली ती पोरं होती. 1953च्या एव्हरेस्ट मोहिमेचे शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी या मृत्यूंचा अभ्यास केला आणि त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये तो प्रसिद्ध केला. पुढे त्यांनी प्रयोगशाळेत गार वारा आणि पाणी सोडून, त्या काळी तरुण घालत तसेच कपडे घातलेल्या माणसांवर मोजमापं घेतली. ओल्या आणि वाऱ्याने फडफडणाऱ्या कपड्यात मूळ ऊब धरण्याच्या ताकदीतला अगदी थोडा अंश उरतो, हे त्यातून दिसलं.

पण प्यू यांच्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग वेगळा आहे. ओल्या कपड्यात माणूस जोरात चालत असेपर्यंत तग धरतो, कारण स्नायू कामातून उष्णता निर्माण करत असतात. तो दमला की वेग कमी होतो, वेग कमी झाला की उष्णता कमी पडते, स्नायू गार पडले की ते आणखी दुबळे होतात आणि वेग आणखी उतरतो. पहिल्या तासात गटाच्या पुढे धावणारा मुलगा सातव्या तासाला मागे पडतो, ते नुसतं थकण्यामुळे असेल असं सोबत्यांना वाटतं, आणि एवढ्यातच वेळ निघून जाते. अंगाच्या आतलं तापमान 35 अंशांच्या खाली गेलं की वैद्यकात त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्याच्या बऱ्याच आधी बोटांना चेन लावता येईनाशी होते, जीभ जड होते, सपाटीवर पाय अडखळतात, माणूस चिडचिडा किंवा गप्प होतो. थरथर थांबली म्हणजे बरं वाटतंय, असं समजणं सर्वांत घातक, कारण थरथरण्याचीही ताकद संपल्याची ती खूण असते. गटाने चालताना सर्वांत हळू चालणाऱ्याच्या बोलण्याकडे कान ठेवावा, हा या पुस्तकातला आग्रह तिथूनच आला आहे.

आता पाण्याकडे वळू. पाणी उष्णता वाहून नेतं ते हवेच्या सुमारे 25 पट वेगाने. उबदार कपडा ऊब देतो ती त्यात अडकलेल्या स्थिर हवेमुळे, आणि त्या हवेची जागा पाण्याने घेतली की कपडा असून नसल्यासारखा होतो. याशिवाय बाष्पीभवनाचा खर्च असतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 580 किलोकॅलरी लागतात. सॅक पाठीवर घेऊन चढण चढणारा माणूस तासभरात जेवढी ऊर्जा खर्च करतो, जवळपास तेवढी ही आहे. म्हणजे भिजलेला शर्ट अंगावरच वाळवायचा म्हटला तर त्याचं मोल अंगाला चुकवावं लागतं. आणि हे पाणी केवळ आभाळातून येत नाही. चढावर, जाड कपडे घालून, घाईने चालणाऱ्याला तासाला लिटरभरही घाम येऊ शकतो. रेनकोट कितीही उत्तम असो, आतून ओतलेलं एवढं पाणी त्याला बाहेर काढता येत नाही. माझं ठाम मत आहे की हिवाळी पावसात भिजलेली निम्म्याहून अधिक माणसं पावसाच्या आधी घामाने भिजलेली असतात. पुढची सगळी प्रकरणं याच मताभोवती फिरतात.

हा आतला घाम आणि बाहेरचा पाऊस यांचा झगडा दोनशे वर्षांपासून चालू आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने 1823 साली कापडाच्या दोन थरांमध्ये रबर बसवून पाणी न शिरणारं कापड केलं, आणि ते घालणाऱ्याचा घाम आत कोंडतो ही तक्रार तेव्हापासूनची. दुसऱ्या महायुद्धात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने ब्रिटिश वैमानिकांसाठी व्हेंटाइल नावाचं कापड तयार केलं. लांब धाग्याच्या कापसाची ती इतकी दाट वीण होती की भिजताच धागे फुगून छिद्रं मिटत. गार समुद्रात पडलेल्या वैमानिकांना त्या पोशाखाने जगण्यासाठी वेळ मिळवून दिला. 1969 साली अमेरिकेत रॉबर्ट गोअर यांनी टेफ्लॉन झटक्याने ताणून सूक्ष्म छिद्रांचा पातळ पडदा मिळवला, आणि 1976 पासून गोअर-टेक्स डोंगरात आलं. त्या छिद्रांतून वाफ जाते, थेंब जात नाही. पण जॅकेटच्या बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप झिजला की कापड पाणी पिऊन बसतं, वाफेची वाट बंद होते, आणि आतून ओलं झालेलं जॅकेट फाटलं असं समजून लोक नवीन घ्यायला दुकानात जातात. योग्य साबणाने धुऊन, सांगितलेल्या उष्णतेवर वाळवून त्यातली बहुतेक जॅकेटं पुन्हा कामाला येतात. जुने लेप ज्या फ्लोरिनयुक्त रसायनांचे होते ती निसर्गात विघटन न होता वर्षानुवर्षं साचून राहतात, म्हणून उद्योग आता त्यांतून बाहेर पडतो आहे. नव्या लेपांना धुण्याची आणि निगेची गरज जास्त आहे. या विषयाला मी पूर्ण प्रकरण दिलं आहे.

ब्रिटनमधल्या काही कारागिरांनी मात्र वेगळी वाट धरली. शेफील्डच्या बफेलोने 1970च्या दशकाच्या अखेरीस लांब तंतूंचं उबदार कापड आणि त्यावर दाट विणीचं हलकं नायलॉन असा कपडा काढला, जो थेट अंगावर घालायचा. तो पावसाला पूर्ण अडवत नाही. ओला झाला तरी अंगाची उष्णता पाणी बाहेर ढकलते आणि कपडा ऊब सोडत नाही. नॉर्वेच्या लष्करातल्या हेन्रिक ब्रुन यांनी 1930च्या दशकात मासेमारीच्या जाळ्यापासून जाळीची बनियन केली, तिच्या मागचा विचारही असाच होता. अंगाला लागून हवेच्या खिडक्या राहिल्या तर त्वचा कोरडी राहते.

असा विचार आपल्याकडेही झालेला आहे. सणगरांनी खड्ड्याच्या मागावर विणलेल्या, चिंचोक्याची खळ दिलेल्या घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन धनगर मेंढरांमागे पावसात उभा राहतो. वरचं पाणी दाट लोकरीवरून निथळतं, खालून हवा खेळत राहते. कोकणात भातलावणीला बांबूच्या काड्यांचं आणि पानांचं इरलं पाठीवर घेऊन बाया दिवसभर वाकून काम करतात, त्या पाठीवर घाम कोंडत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं बाष्प धाग्यात मुरवून घेते आणि तसं करताना थोडी उष्णताही सोडते. कापसाला हे तेवढं जमत नाही. तो पाणी धरतो आणि अंगाला चिकटतो, म्हणून हिवाळी डोंगरात सुती कपडा आतल्या थरालाही नको. पॉलिएस्टरचा धागा जवळपास पाणी पीतच नाही, त्यामुळे तो लवकर वाळतो. पिसांचं डाउन जॅकेट कोरड्या थंडीत अप्रतिम, पण ओलं झालं की पिसं गोळा होतात आणि त्यातली हवाच नाहीशी होते. या पावसात सिंथेटिक भरणाचं जॅकेटच बरं.

कपड्यांवर इतकं लिहूनही मला सांगायचं आहे ते चालण्याबद्दल. गाडीतळावरून निघताना थोडं गारठूनच निघावं. पहिल्या पंधरा मिनिटांत ऊब येते, आणि निघतानाच जाड फ्लीस चढवलेला माणूस त्या पंधरा मिनिटांत पाठ भिजवून बसतो. चढावर वेग असा असावा की सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता यावं. जॅकेटला काखेत चेन असतील तर चढताना उघड्या ठेवाव्यात, वारा लागला की मिटाव्यात. टोपी काढणं-घालणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जलद उपाय आहे, आणि तोच सर्वांत कमी वापरला जातो. पाऊस दाटण्याआधी, अजून बोटं चालतात तोवर, ओव्हरट्राउझर चढवावी. थांबलं रे थांबलं की ओल्या जॅकेटच्या वरूनच मोठ्या मापाचं सिंथेटिक जॅकेट घालावं. आतले थर काढून बदलत बसण्यात जी उष्णता जाते ती परत मिळवायला फार वेळ लागतो. खाणं खिशात असावं, सॅकच्या तळाशी नव्हे, कारण पावसात सॅक उघडायचा कंटाळा येतो, आणि उपाशी माणूस आधी गारठतो.

बूट कोणतेही असोत, दलदलीत आणि पूर आलेल्या ओढ्यांत पाय ओले होणारच. त्याबद्दल हळहळ करण्यात अर्थ नाही, लोकरीचे मोजे आणि चालते पाय एवढं पुरतं. सॅकवर बाहेरून घालायचं आवरण वारा उडवून नेतो. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी, तिचं तोंड पिळून दुमडलेलं, ही साधी गोष्ट त्याहून खात्रीची. आणि त्या पिशवीच्या तळाशी एक कोरडा संच असतो, ज्याला दिवसा हात लावायचा नाही: अंगातलं एक, मोजे, टोपी, हातमोजे. तो अडचणीतल्या माणसासाठी आहे, मग तो सोबती असो की वाटेत भेटलेला परका. चार-सहा माणसं आत बसू शकतील अशी नायलॉनची निवारा-पिशवी तिथल्या गटांत कुणाच्या तरी सॅकमध्ये असतेच. ती डोक्यावरून ओढून सगळे आत बसले की दहा मिनिटांत आतली हवा माणसांच्या उबेने बदलते. हिवाळ्यातला हा आनंद अनुभवल्याशिवाय कळणार नाही.

डिसेंबरच्या अखेरीस फोर्ट विल्यमला सूर्य सकाळी नऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारच्या सुमारास मावळतो. एवढ्या दिवसात लांबचा माथा गाठून परतायचं म्हणजे घाई आली, आणि घाई म्हणजे घाम. म्हणून हिवाळ्यासाठी मी बेत आखताना जवळचे, कमी उंचीचे, आडोशाच्या बाजूने जाणारे मार्ग निवडले आहेत. हवामानाचा अंदाज पाहताना पावसाच्या मिलिमीटरपेक्षा शून्य अंशाची उंची आणि माथ्यावरचा वारा आधी पाहावा. या दोन आकड्यांवरून दिवस कसा जाईल ते जवळपास कळतं, आणि कित्येकदा दरीतली वाट धरून एखाद्या बॉथीत, म्हणजे डोंगरातल्या उघड्या निवाऱ्यात, जाऊन बसणं हाच उत्तम बेत ठरतो. 1965 साली स्थापन झालेल्या माउंटन बॉथीज असोसिएशनचे स्वयंसेवक दुर्गम भागांतली शंभरच्या आसपास जुनी दगडी घरं सांभाळतात. त्यांना कुलूप नसतं, भाडं नसतं. जळण स्वतः नेलेलं असलं आणि आत चूल पेटवता येत असली तर दोरीवर टांगलेल्या जॅकेटांमधून वाफ निघताना पाहत परक्या माणसांशी होणाऱ्या गप्पांसाठी मी मुद्दाम पावसाचा दिवस निवडला आहे.

पुस्तक पहिल्यापासून वाचायला हवं असं नाही. ज्यांना नवी खरेदी करायची आहे त्यांनी आधी जॅकेटच्या निगेचं प्रकरण वाचावं, बरीच खरेदी टळेल. गट घेऊन जाणाऱ्यांनी हायपोथर्मियाच्या प्रकरणातली लक्षणं निघण्याच्या आदल्या रात्री सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावीत. आणि ज्यांना पुढच्याच आठवड्यात निघायचं आहे त्यांनी सरळ हातमोज्यांच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. त्यात सांगितलेला सराव घरच्या न्हाणीघरात होतो. हातमोजे गार पाण्यात भिजवून घाला, पाच मिनिटं थांबा, आणि मग जॅकेटची चेन वर ओढा, हूडची दोरी आवळा, खाऊचं पाकीट फोडा, कंपास बाहेर काढा, बॅटरी चालू करा. जे जमणार नाही त्याची आजच सोय करा: चेनच्या टोकाला बोट अडकेल एवढा दोरीचा फास बांधा, पाकिटं आधीच फोडून पिशवीत भरा, आणि हातमोज्यांची दुसरी जोडी जॅकेटच्या आत, छातीपाशी ठेवा.